अक्काचा चातुर्मास

आमच्या घरात नाव घ्यायची पद्धत नाही. मी यांना 'अहो' म्हणते, हे मला 'अगं' म्हणतात, आणि या दोन शब्दांवर चाळीस वर्षांचा संसार बिनतक्रार चाललेला आहे. बिनतक्रार म्हणजे तक्रारी मी करते आणि हे ऐकत नाहीत. ही पद्धत यांनी मोडली ती गाड्यांसाठी. आमच्याकडे चार जुन्या गाड्या आहेत आणि चारींनाही नावं आहेत, तीसुद्धा नात्यागोत्यातली.

उचगावच्या कडेला आमचं जुनं गुळाचं गोदाम आहे. गुळाचा व्यापार सासऱ्यांबरोबर संपला, गोदाम राहिलं, आणि त्यात आता ही मंडळी नांदतात. फिकट हिरवी, खोकत खोकत चालणारी गाडी म्हणजे तात्या. लाल, दोन दारांची, चिमुकली ती धाकटी. जीप वर्षातले आठ महिने मिस्त्रींच्या गॅरेजात असते आणि अधूनमधून चार दिवस घरी येते, म्हणून ती पावणं. आणि काळी, गोल पाठीची, ऐसपैस, सगळ्यांत वयानं मोठी, ती अक्का.

या शेवटच्या नावानं घोळ केला. कारण आमच्याकडे खरी अक्काही आहे. यांची थोरली बहीण, माझी नणंद, वय शहात्तर, राहणार थेट कर्नाटकाच्या हद्दीला लागून. मी शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळं माझ्या बोलण्यात घोटाळा नव्हता. नणंदबाईंना मी 'अक्का आल्या' म्हणायची आणि गाडीला 'अक्का आली'. एका अक्षरात माणूस आणि मोटार वेगळी होत होती. पण भाऊ बहिणीला एकेरीच बोलणार. यांच्या तोंडी दोघीही 'आली' आणि दोघीही 'गेली'. त्यातून काय झालं ते पुढं येईलच. आधी एवढं सांगते, की गाडीचं हे बारसं झाल्यावर अक्कांनी आपल्या सख्ख्या भावाशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

यांनी उभा जन्म फौंड्रीत काढला. साठी झाली तशी ती मुलाच्या हवाली केली आणि मला म्हणाले, "आता निवांत बसायचं." मी भोळी. मला वाटलं, दोघं निवांत बसायचं. दुसऱ्याच महिन्यात तात्या आले, मागोमाग धाकटी, मग पावणं. सुटे भाग आता कुठं मिळत नाहीत, ते फौंड्रीत ओतून घेतले जातात. मुलगा एकदा म्हणाला, "आई, गिऱ्हाइकांच्या कामाआधी बाबांच्या गाड्यांचं काम करायला लागतंय." मी म्हटलं, मी चाळीस वर्षं त्याच रांगेत उभी आहे.

थंडी हा आमच्या गोदामातला खरा सणाचा काळ. कार्तिकात गाड्या बाहेर निघतात आणि दर रविवारी सकाळी एकेकीची पाळी असते. चोक ओढायचा, थांबायचं, पुन्हा ओढायचा, मग सगळ्यांनी मागं जाऊन ढकलायचं. "हिला गाडी चालवता येत न्हाय," असं हे चारचौघांत सांगतात. पण ढकलून गाडी चालू करायची वेळ आली की स्टिअरिंगवर मलाच बसवतात, कारण क्लच नेमका कधी सोडायचा ते मलाच कळतं. गाडी फुरफुरली की हे पळत येतात, मला बाजूला सरकवतात आणि रंकाळ्याकडं निघतात, जणू काही सगळं यांनीच केलं. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकायचं, मिसळीच्या हॉटेलासमोर मुद्दाम रस्त्यावरून दिसेल अशी गाडी लावायची, आणि कोणी "पावणं, कुठलं मॉडेल म्हणायचं हे?" असं विचारेपर्यंत आत जायचं नाही. विचारलं की मिसळ गार होते.

उन्हाळ्यात गाड्यांना ऊन लागतं. चैत्रात दुपारी पेट्रोल नळीतच उकळतं आणि गाडी रस्त्याच्या मधोमध बसते. त्यावर उपाय म्हणजे बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओला फडका ठेवायचा. तो फडका सुतीच लागतो, मऊच लागतो, आणि तो माझ्याच कपाटात सापडतो. माझी एक जुनी इरकल अशी चार गाड्यांत वाटली गेली आहे. लग्नसराईत लोक गाडी नवरदेवासाठी मागायला येतात. हे गोड बोलून त्यांना वाटेला लावतात, कारण फुलं चिकटवायच्या टेपनं रंग निघतो. नवरदेवाचं काय, तो रिक्षानंही जाईल.

आणि मग पावसाळा. आम्ही जैन. पावसाचे चार महिने आमचे मुनिमहाराज एका गावी मुक्काम करतात, प्रवास करत नाहीत, कारण ओल्या वाटेवर पावलागणिक जीव असतात. हाच चातुर्मास. हे न हलण्याचं बंधन फक्त महाराजांसाठी असतं. पण यांनी ते गाड्यांना लावलं. आषाढातल्या चतुर्दशीला चारी गाड्या लाकडी ओंडक्यांवर चढतात, चाकं जमिनीपासून चार बोटं वर, आणि दिवाळी झाल्यावरच उतरतात. रविवारी जागेवरच दहा मिनिटं इंजिन चालवायचं, एवढीच सूट. कोणी विचारलं तर हे गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "चातुर्मास हाय त्यांचा." खरं कारण मला माहीत आहे. चौघांत मिळून दीड वायपर चालतो, धाकटीच्या छपरातलं पाणी नेमकं चालवणाऱ्याच्या मांडीवर पडतं, आणि पत्र्यावर गंजाचा ठिपका दिसला की यांना जेवण जात नाही. पण धर्माचं कारण सांगितलं की माणसं पुढं विचारत नाहीत.

गोदामात उंदीर येतात. आम्ही उंदीर मारत नाही, नुसती विनंती करतो. निपाणीकडच्या तंबाखूची पूड कापडात बांधून गाड्यांत ठेवायची, ही ती विनंती. उंदीर ती मान्य करत नाहीत, पण मिस्त्री मात्र दरवेळी एक पुरचुंडी खिशात घालून नेतात.

काळी गाडी आमच्याकडे आली ती सगळ्यांत शेवटी. ती मुळात सासऱ्यांची. यांच्या लहानपणी घरात होती, मग विकली गेली. ती शोधण्यात यांनी कितीतरी वर्षं घालवली, आणि अखेर वारणानगरात कामगार वसाहतीतल्या एका घरामागं, ताडपत्रीखाली सापडली. आत कोंबड्या अंड्यावर बसलेल्या. गाडी तीच कशावरून, तर डॅशबोर्डच्या खणात यांनी लहानपणी खिळ्यानं कोरलेला मोर होता. मला तो बदक वाटला. इंजिन चालू व्हायला आठ महिने लागले, पण बॅटरी जोडल्याबरोबर हॉर्न मात्र वाजला. असा भसाडा हॉर्न की गोदामावरची कबुतरं पार उजळाईवाडीपर्यंत गेली असतील. यांना तो इतका आवडायचा की येता-जाता वाजवायचे. मी रोज म्हणायची, "अहो, काढा तो हात."

गाडी तयार झाली तेव्हा यांनी सगळी भाऊकी जेवायला बोलावली. अक्काही आल्या. गाडीला हार घातला, आणि हे सगळ्यांसमोर म्हणाले, "ही आमची अक्का. ऑइल लई पिते, चढाला कुरकुरते, पण आवाज बघा कसा ठणठणीत हाय." आणि हॉर्न वाजवला. सगळे हसले. अक्कांचा चेहरा खाडकन उतरला. पानं वाढली तेव्हा बघते तर अक्का नाहीत. सोबत आलेल्या पुतण्याला घेऊन निघून गेल्या होत्या, न जेवता.

आम्ही समजलो, नावाचा राग आला. येणारच. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तेल पिणारी मोटार म्हटल्यावर काय होणार? हे फोन करत राहिले, अक्का उचलेनात. भाद्रपदात आमची क्षमावाणी असते. वर्षभरात कळत नकळत कुणाला दुखावलं असेल त्याची त्या दिवशी हात जोडून क्षमा मागायची. हे गोदामात जाऊन चारी गाड्यांचीही मागतात, तात्यांची जरा जास्त वेळ. दोन वर्षं त्या दिवशी अक्कांच्या घरी नुसताच फोन वाजला. फोन ठेवल्यावर हे काळ्या गाडीत जाऊन बसायचे, एकटेच, चालू न करता. मी मनात म्हणायची, म्हातारचळ लागला. बहिणीपेक्षा मोटार मोठी झाली. हे माझं चुकत होतं, पण मला ते तेव्हा कळलं नाही.

गेल्या आषाढातली गोष्ट. गाड्या ओंडक्यांवर चढून सोळा दिवस झाले होते. रविवारी सकाळी हे इंजिनं चालवायला गोदामात गेले. तात्या खोकले आणि चालू झाले. धाकटी चालू झाली. काळी काही केल्या चालू होईना. यांनी मिस्त्रींना फोन लावला, तो लागेना. मग यांनी मोबाइलवर बोलून निरोप पाठवला. तो निरोप मला पाठ आहे, कारण पुढं तो मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकला. "अक्का गेली. सकाळी दोनदा कण्हली, एक उचकी दिली आन् गप झाली. मी लई हलवून बघितलं. आता तुम्ही येईस्तवर हात लावत न्हाय. येताना सगळं सामान घेऊनच या."

हा निरोप मिस्त्रींना जायचा तो भाऊकीच्या ग्रुपवर गेला.

मी स्वयंपाकघरात होते. पहिला फोन चुलत जावेचा आला. ती रडत होती. "वैनी, कसं झालं अचानक?" मला वाटलं तिच्या घरी काही झालं. मीही रडायला लागले. दोघी थोडा वेळ तशाच रडलो. मग दुसरा फोन आला, "सामान किती वाजेपर्यंत पोचवायचं?" तिसऱ्यानं सांगितलं की आम्ही वारणानगरहून निघालोय, गाडीत सात जण आहोत. तेव्हा मी मोबाइल उघडून निरोप ऐकला आणि तशीच, पिठाच्या हातानं, गोदामात पळाले.

हे बॉनेटमध्ये डोकं घालून होते. मी म्हटलं, "अहो, तुम्ही अक्कांना मारलंत."

"मी कुठं? पयल्यापासनंच तिचं दुखनं हाय."

"गाडी नव्हे! अक्कांना!"

समजायला त्यांना मिनिटभर लागलं. मग ते स्टुलावर बसले. तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर अक्का. दोन वर्षांनी. यांची बोटं तेलकट होती. कसाबसा तो स्पीकरवर लागला.

"तम्मा," पलीकडून आवाज आला. अक्कांच्या गावी धाकट्या भावाला कानडीतलं तम्माच म्हणतात. "मी मेलो व्हय रं?"

आमच्या कोल्हापूरकडच्या बायका अशाच बोलतात, मेलो, गेलो, आलो. व्याकरण मी वर्गात शिकवलं, घरात नाही.

"अक्का, अगं गाडी गं, गाडी बंद पडलीया."

"ती बंद पडली तर मला कशाला मारलास? भाऊकीतल्या एका पोराचा फोन आला सकाळच्या पारी. म्हणाला, अक्का गेल्या, किती वाजता उचलायचं? म्हटलं, बाबा, मी भाकऱ्या थापाय लागलोय. एवढ्या झाल्या की उचला."

मला हसू आवरेना. हे हसता हसता रडायला लागले. गोदामाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि हा पासष्ट पार केलेला माणूस तेलकट हातानं डोळे पुसत होता, त्यामुळं तोंड सगळं काळं झालं.

"अक्का, चुकलं माझं," हे म्हणाले. "नाव बदलतो मी गाडीचं. आजच बदलतो."

"नावाचं काय घेऊन बसलास," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम उतरला. "नावाचा राग न्हाय मला. नाव ऐकून मी बी हसलोच की. तुझ्या त्या हॉर्नचा राग हाय."

अक्का बोलत राहिल्या.

"लग्नात त्याच गाडीनं मला हितं आणून सोडलं. सतरा वर्साची व्हतो. पयली पंचमी आली. आप्पांनी सांगावा धाडला, तम्मा येतोय मुराळी म्हणून, गाडी घेऊन."

आप्पा म्हणजे माझे सासरे. सासरी असलेल्या मुलीला सणाला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. बहुतेक भाऊच. आणि लग्नानंतरची पहिली नागपंचमी आमच्याकडे फार मोठी. झोके, लाह्या, माहेरच्या मैत्रिणी. त्या दिवशी मुराळी आला नाही, तर गल्लीला कळतं.

"गल्लीभर सांगून आलतो मी," अक्का म्हणाल्या. "हॉर्न वाजला की माझा भाऊ आला म्हणून समजा. पिशवी भरून सोप्यात बसलतो. सांज झाली तरी कान तितंच. सासू म्हणली, माह्यारच्यांना जड झालीस वाटतं. दिवाळीला काका आलं नेयाला, एसटीनं. म्होरल्या वर्सी आप्पांनी गाडीच इकली. पर मला अजून कुणी सांगितलं न्हाय रं, त्या पंचमीला का न्हाय आला. आन् तू सगळ्यांच्या म्होरं त्योच हॉर्न वाजीवलास, आन् हसलास."

यांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"आम्ही निघालतो, अक्का," हे म्हणाले. "मला नवी टोपी घातलती आप्पांनी. आप्पा म्होरं बॉनेट उघडून गाडीत पाणी वतत होतं. मला वाटलं, गाडीला तहान लागली, आपण बी वतावं. मी मागं गेलो, टाकीचं झाकण काढलं आन् तांब्याभर पाणी वतलं. पेट्रोलच्या टाकीत. मग गाडी चालूच झाली न्हाय. आप्पांना शेवटपतोर कळलं न्हाय काय झालतं ते. मी भ्यालतो, कुणालाच सांगितलं न्हाय. हिला सुदीक न्हाय."

मला वाटलं फोन कटला.

"तांब्याभर?" अक्कांनी विचारलं.

"तांब्याभर."

"कुठला तांब्या?"

"देवघरातला."

मग अक्का म्हणाल्या, "यंदा पंचमी कवा हाय?"

"शुक्रवारी."

फोन बंद झाला.

मी तिथंच टायरवर बसले. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर रागही आला. चाळीस वर्षं एका ताटात जेवलो, आणि सात वर्षांच्या पोरानं ओतलेलं पाणी हा माणूस एवढी वर्षं पोटात घेऊन फिरत होता. ही गाडी का शोधत होते, बाकीच्या तीन का आणल्या, ते माझ्या आत्ता ध्यानात आलं. त्या तिघींवर हात बसवून घेतला होता, काळी सापडेल तेव्हा दुरुस्त करता यावी म्हणून. मी त्यांना म्हातारचळ म्हणत होते.

दुपारी भाऊकीची सात माणसं आली. पांढऱ्या कपड्यांतल्या सात जणांना गोदामात पोहे दिले. मेलेली गाडी बघायला मिळाल्यावर त्यांचंही समाधान झालं. मागोमाग मिस्त्री आले. ते बोलत नाहीत, फक्त वास घेतात. त्यांनी टाकीखालची नळी सोडली, बाटलीत पेट्रोल धरलं, उजेडाला लावून बघितलं. तळाला वेगळा थर दिसत होता.

"अण्णा, टाकीत पाणी हाय," मिस्त्री म्हणाले. "कुणी वतलं?"

"मीच," हे म्हणाले.

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "जुनी गोष्ट आहे, मिस्त्री." खरं कारण म्हणजे टाकीच्या झाकणाचं रबर वाळलं होतं आणि वरचा पत्रा गळत होता. पण यांना ते कारण सांगण्यात अर्थ नव्हता.

गाडी सोमवारी चालू झाली. खरी अडचण मंगळवारपासून सुरू झाली. अक्कांना आणायला जायचं तर पंचमी श्रावणात, म्हणजे भर चातुर्मासात. आणि गाडी ओंडक्यावर. हे गोदामात येरझाऱ्या घालू लागले. मला म्हणाले, "पोराची नवी गाडी घेऊन जावं का? अक्कानं कुठली गाडी ते सांगितलं न्हाय."

"अक्कांनी गल्लीला कुठला हॉर्न सांगितला होता?" मी विचारलं.

"पण नियम घेतलाय की."

"नियम तुम्ही गाड्यांना लावलात. त्यांना कुणी विचारलं होतं?"

यांनी त्यावर पूर्ण दिवस विचार केला. बुधवारी सकाळी सांगितलं, की गाडी काढायची, आणि प्रायश्चित्त म्हणून दिवाळीपर्यंत चहा सोडायचा. त्या प्रायश्चित्ताची झळ पुढचे तीन महिने मला लागली, कारण चहा न मिळालेला हा माणूस सकाळी अकरापर्यंत कुणाशी नीट बोलत नाही.

गुरुवारी गाडी उतरवली आणि मागचं दार उघडलं, तर मागच्या बैठकीच्या गादीत उंदरीण व्याली होती. सहा पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली. हे खाली बसले. "आता न्हाय जमायचं," म्हणाले. पिल्लं हलवली तर आई सोडून जाते, असं यांचं म्हणणं. मिस्त्रींनी न विचारता उपाय सांगितला. अख्खी बैठकच, पिल्लांसकट, न हलवता उचलायची आणि कोपऱ्यात ठेवायची. तीन माणसांनी श्वास रोखून ती बैठक उचलली. तिच्या जागी आमच्या दिवाणखान्यातली दिवाणावरची गादी आली, वर फुलाफुलांची चादर. माझा दिवाण महिनाभर उघड्या फळीचा राहिला, पण उंदरांचं बाळंतपण सुखरूप पार पडलं.

शुक्रवारी सकाळी निघालो. हे नव्या टोपीत. मुराळी म्हणून टोपी पाहिजेच, असा हट्ट. पाऊस धो धो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या फाट्यापर्यंत बरं चाललं, आणि तिथं वायपर थांबला. यांनी आधीच तयारी केली होती. वायपरला सुतळी बांधून तिची दोन टोकं दोन खिडक्यांतून आत घेतली. एकदा यांनी ओढायची, एकदा मी. बाजूनं जाणारे कंटेनरवाले हॉर्न देऊन हसत होते. माझी अर्धी बाजू भिजली. त्यात हे चातुर्मास मोडल्याच्या भीतीनं रस्त्यावरचा जीव न् जीव बघत होते. मोठा रस्ता सुटल्यावर तर दर फर्लांगाला थांबायचं. मी छत्री घेऊन उतरायची आणि गोगलगाय वडाच्या पानावर उचलून कडेला ठेवायची. शाळेत एवढी कवायत मी कधी केली नव्हती. दीड तासाच्या वाटेला साडेचार तास लागले.

अक्कांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. हे पुढं जाईनात. हात हॉर्नवर होता, पण दाबत नव्हते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"वाजवू का गं?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, "मग कशाला आलोय?"

यांनी हॉर्न दाबला. तो भसाडा आवाज गल्लीभर गेला. दारं उघडली, पावसात माणसं बाहेर आली. आम्ही हळूहळू पुढं सरकलो. अक्का सोप्यातच बसल्या होत्या. नवं लुगडं, मांडीवर भरलेली पिशवी. सकाळी सातपासून बसल्या होत्या, असं मला नंतर सुनेनं सांगितलं. त्या उठल्या नाहीत. भाऊ पायऱ्या चढून समोर उभा राहिला. टोपी भिजून कानावर आली होती. वाटेत काय बोलायचं ते यांनी तीनदा घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"किती उशीर रं," अक्का म्हणाल्या.

"पंक्चर झालतं," हे म्हणाले.

"साठ वर्सं?"

मग अक्का उठल्या. समोरच्या दारात उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "माझा मुराळी आलाय. मी माह्यारला निघालोय." त्या वेळी ज्यांना सांगितलं होतं, त्यांतलं आता गल्लीत कोणी उरलेलं नव्हतं. समोर होत्या त्यांच्या सुना आणि नातसुना. तरी अक्कांनी सांगितलं.

बाहेर गाडीच्या बॉनेटमधून वाफ येत होती. अक्का तिच्याकडं बघून आत गेल्या आणि देवघरातला तांब्या काठोकाठ भरून घेऊन आल्या.

"घे, तम्मा," त्या म्हणाल्या. "या बारीला बघून वत."

यांनी दोन्ही हातांनी तांब्या धरला. इंजिन निवेपर्यंत तसेच पावसात उभे राहिले. मग रेडिएटरच्या झाकणाकडं बोट करून मला दोनदा विचारलं, हेच ना गं, आणि मी हो म्हटल्यावर पाणी ओतलं.